खडूच्या रेघा

"विरलेलं समदं माझ्याकडं सरकवा. चांगलं पोरींच्या बाजूला राहू द्या," ठकूआत्या म्हणाली आणि समाजमंदिराच्या फरशीवर गुडघे टेकून तिनं लुगड्याची घडी झटकली.

"आत्या, मग तुमच्या वाट्याला सगळ्या चिंध्याच येतील," मी म्हटलं.

"येऊ द्या की. चिंध्यांचं अन् माझं लई जुनं गुळपीठ हाय."

"खरं हाय," धुरपदा म्हणाली. "नवऱ्यापरीस चिंध्यांनीच तुला जास्त साथ दिली बघ, आत्या."

"नवऱ्यानं साथ दिली आसती तर तुमच्या गोधड्या कुणी शिवल्या आसत्या गं? तुझ्या सासूनं?"

बायका खदखदून हसल्या. धुरपदाची सासू दारातच शेंगा निवडत बसली होती, तीसुद्धा हसली. मी हातात फूटपट्टी आणि खडू घेऊन उभी होते आणि या बाया कधी गप्प बसतात याची वाट बघत होते.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. फलटणच्या शिंप्याची पोर, बारटक्क्यांची पुष्पा. आमच्या घरात कात्री आधी हातात येते आणि पेन्सिल नंतर. त्यात माझ्याकडे शिवणकामाचा डिप्लोमा, तोही पहिल्या वर्गातला, त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं. पहिली नेमणूक मिळाली ती माणदेशातल्या खडकोणीला. सहा महिन्यांचा शिवणवर्ग, चौदा बायका, पायाचं एक मशीन आणि एक मी. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत माझा मुक्काम. एक खाट, एक स्टोव्ह आणि एक पत्र्याची ट्रंक, एवढाच संसार.

पण सांगते, त्या सहा महिन्यांसारखं सुख मला पुढं कुठल्याच वर्गात लाभलं नाही. पहिल्या आठवड्यात बायका मशीनला हात लावायला भ्यायच्या. धुरपदा पायडल मारायची ते चाक उलटंच फिरायचं, दोरा तुटायचा आणि ती मशीनलाच शिव्या घालायची. एके दिवशी चाक सुलट फिरलं, वीतभर शिवण पडली आणि ती एवढ्यांदा ओरडली की बाहेरून माणसं धावत आली. कुणाचं बोट सुईत गेलं की काय, असं त्यांना वाटलं. धुरपदा तो वीतभर तुकडा नाचवत सगळ्या आळीतून फिरून आली. घरी आलेल्या पाव्हण्यांनासुद्धा ती तो तुकडा दाखवायची. चाळीशीच्या बाईला इतका आनंद देता येतो, हे मला माहीत नव्हतं. मी तिच्याहून जास्त खूश झाले होते.

ठकूआत्या माझ्या वर्गातली नव्हती. ती साठी ओलांडलेली होती. गावची लेक, लग्नानंतर वर्षाच्या आत नवऱ्यानं टाकली म्हणून भावाकडे परत आलेली, आणि पुढं अख्ख्या गावाचीच आत्या झालेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. सुईत दोरा दुसऱ्या कुणीतरी ओवून द्यायचा, बाकी सगळं ती बोटांनी करायची. गावात कुणाची आई गेली, की दिवस झाल्यावर तिची लुगडी ठकूआत्याकडे यायची. त्यांची गोधडी व्हायची आणि ती लेकीकडे जायची. आईची लुगडी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला खडकोणीतल्या बायका तयार नसत. त्या एका गोष्टीमुळं भावाच्या घरात ठकूआत्या ताठ मानेनं राहत होती. भावजय एखाद्या वेळी काही बोललीच तर आत्या म्हणायची, "माझं गाठोडं उचलते अन् देवळात जाऊन शिवत बसते. बाया तिथं येत्याल." भावजय लगेच गप्प.

तिला मीच बोलावलं होतं. जिल्ह्याच्या गावी टाकाऊ वस्तूंच्या कामाचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात जुन्या कपड्यांच्या गोधडीची स्पर्धा होती. पहिल्या नंबराला दोन मशीनं आणि वर्ग आणखी वर्षभर चालू. नंबर आला नाही तर मार्चमध्ये गाशा गुंडाळायचा. मला मशीनं हवी होती, बायकांना वर्ग हवा होता आणि गोधडी शिवायची म्हटल्यावर आत्याला वगळून कसं चालेल?

चार बाजूंना वाटून बसायचं आणि कडेपासून आत शिवत जायचं, असं ठरलं. उगवतीची बाजू आत्यानं एकटीनं घेतली. मी फूटपट्टी लावून बोटभर अंतरावर खडूच्या रेघा मारल्या.

"ह्ये काय खराखरा चाललंय?" आत्यानं विचारलं.

"रेघा मारतेय, आत्या. टाका सरळ यायला पाहिजे."

"रेघा? शेत नांगरायचंय व्हय?"

"स्पर्धा आहे. तपासायला येणारे रेघच बघतात."

"मला तर तुमची रेघ दिसायची न्हाई, बाई."

"तुम्ही अंदाजानं घाला."

"अंदाजानं न्हाई, हातानं घालते," ती म्हणाली आणि बसली.

नऊ दिवस ते काम चाललं. दुपारी जेवणं उरकून बायका यायच्या आणि उन्हं उतरेपर्यंत हात चालायचे. कोण कुणाकडं पळून गेली, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, सगळा गाव त्या गोधडीभोवती उसवला आणि शिवला जायचा. मध्येच आत्या एखाद्या पोरीचा हात धरून कापडावर ठेवायची. "डोळं मीट. काय लागतंय?" पोर म्हणायची, "कापड." आत्या म्हणायची, "आगं, कापड तर हायेच. हितं जाड लागतंय का पातळ? हितलं आंग गेलंय का न्हाई?" पोरी एकमेकींकडे बघून हसायच्या. मीही हसायचे. मला ती म्हातारीची गंमत वाटायची.

दहाव्या दिवशी गोधडी उभी करून बघितली. तीन बाजूंच्या ओळी अशा सरळ, की माझ्या वडिलांनीसुद्धा पाठ थोपटली असती. आणि उगवतीची बाजू म्हणजे बैल मुतल्यासारखी! ओळ चार बोटं सरळ जायची, मग उगाचच वळसा घ्यायची. कुठं टाका बारीक, तर कुठं दोन बोटं लांब आणि ढिला. बायकांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. आत्याच्या गोधड्या त्या जन्मापासून अंगावर घेत आल्या होत्या. मी मात्र फूटपट्टी लावून बघितली. आमच्यावरच्या सुपरवायझर नाईक मॅडम काय म्हणतील? डिप्लोमावाल्या बाईच्या वर्गात असलं काम?

आत्याला विचारायला काय झालं होतं? "आत्या, इथं ओळ का वळवली?" एवढंच विचारायचं होतं. पण विचारतो तो शिकणारा, आणि तिथं शिकवणारी मी होते.

मंगळवारी म्हसवडला बाजार. सगळं गाव बाजाराला गेलं होतं. मी समाजमंदिराचं दार आतून लावून घेतलं आणि ब्लेडनं आत्याची बाजू उसवायला बसले. टाके सहज निघेनात. दुहेरी दोरा, ठिकठिकाणी गाठ. सकाळी सातला बसले ते अकरा वाजेपर्यंत. मग माझ्या खडूच्या रेघेवर माझा टाका, बारीक, घट्ट, दोरा चांगला ताणून घेतलेला. झाल्यावर लांब उभं राहून बघितलं. मला ते इतकं आवडलं, की मी एकटीच हसले. उसवलेल्या दोऱ्यांचा गोळा स्टोव्हवर जाळून टाकला.

दिवेलागणीला आत्या नातीचा हात धरून आली. "बाई, उद्या न्हेणार म्हनं गोधडी. एकदा हात फिरवू द्या की."

"आत्ताच बांधून ठेवली, आत्या. आता पुन्हा गाठी कुठं सोडायच्या?"

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आपलंच हाय, आल्यावर बघीन."

प्रदर्शनाला मी, धुरपदा आणि आणखी दोघी गेलो. आत्याला गाडी लागायची, म्हणून ती आली नाही. गोधडी बांबूला टांगायची होती. कुठली बाजू वर घ्यायची? मी उगवतीची घेतली. तीच सगळ्यात देखणी झाली होती ना! लोकांच्या डोळ्यांसमोर तीच यायला हवी होती. गोधडीचा सगळा भार तिच्यावर येणार, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पहिल्या दिवशी नाईक मॅडम गोधडीसमोर थांबल्या. "वा! ही वरची बाजू कुणी शिवली?"

"आमच्या ठकूआत्यानं!" मी तोंड उघडायच्या आत धुरपदा म्हणाली. "तिला डोळ्यांनी दिसतसुदिक न्हाई, मॅडम!"

"काय सांगता!" मॅडमनी इतर वर्गांच्या बायांना हाक मारून बोलावलं. मग दिवसभर माणसं ती बाजू बघायला येत होती. मी बाजूला उभी राहून हसत होते. मनात म्हटलं, म्हातारीचं नाव झालं, वाईट काय झालं? उलट मी तिच्यावर उपकारच केलेत, असं मला खरोखर वाटत होतं. आज हे लिहितानाही कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षक आमच्या गोधडीपाशी आले आणि चर्र असा आवाज झाला. आधी एक ओळ गेली. मग तिच्याखालची. पोस्टाचं तिकीट फाटावं तशी ती गोधडी माझ्या टाक्यांच्या रेघेवरून सरळ फाटत गेली आणि अर्धी खाली लोंबायला लागली. मागे उभी असलेली कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली.

"आगं आई! आत्याचीच बाजू गेली की!" धुरपदानं कपाळाला हात लावला.

परीक्षक पुढं निघून गेले. नाईक मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बारटक्के, दिसत नाही अशा बाईकडून स्पर्धेचं काम करून घ्यायचं नव्हतं तुम्ही. दया वेगळी, काम वेगळं."

"हो, मॅडम," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. दोन शब्द. ते तिथंच गिळता आले असते, बदलता आले असते. पण मी ते म्हटले, आणि धुरपदानं ते ऐकले.

गावात आम्ही उतरायच्या आधी बातमी पोचली होती. धुरपदा वाईट बाई नव्हे, पण कार्तिकात तिची आई गेली होती आणि आईची सात लुगडी आत्याच्या घरी गाठोड्यात होती. दुसऱ्याच दिवशी ती आत्याकडे गेली. "आत्या, रागवू नगंस. माझ्या आईची एवढीच आठवण हाय. तुझं वय झालं, डोळं न्हाईत. मी दुसरीकडं बघते." आत्यानं गाठोडं काढून दिलं. मग आणखी एक आली, मग तिसरी. आठ दिवसांत आत्याचा कोनाडा रिकामा झाला. भावजयीनं तिथं कांदे ठेवले. हे मला वर्गातल्या पोरींनी हसत-हसत सांगितलं.

आत्या माझ्याकडे आली ती उन्हातून एकटीच, भिंतींना हात लावत.

"बाई, त्या फाटल्या जागंला मला एकदा हात लावू द्या. कुठं चुकलं ते कळंल. एवढ्या वर्सांत माझी गोधडी फाटली म्हनून कुणी आलं न्हाई. विरली म्हनून आलं, फाटली म्हनून न्हाई."

"ती तिकडंच राहिली, आत्या. ऑफिसात."

गोधडी ट्रंकेत होती. ट्रंक आत्याच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर.

"मागवता यील का?"

"बघते."

तिनं तीनदा विचारलं. तीनदा मी "बघते" म्हणाले. चौथ्यांदा ती आली तेव्हा तिनं गोधडीचा विषयच काढला नाही. सकाळचा वर्ग चालू होता. ती दारात चपला काढून आत आली, सोळा-सतरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत चाचपत बसली आणि म्हणाली, "बाई, मला सरळ टाका शिकवा."

पोरी एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. "आत्या, कशाला उगाच?" मी म्हटलं.

"कशाला म्हंजी? सुईबिगर म्या काय करू? भावाच्या घरात नुसती बसून खाऊ? तुमी म्हनाल तसं शिकते. मग बायका पुन्यांदा देत्याल लुगडी."

मी तिला शिकवलं. देवा, मी तिला खरंच शिकवलं! तिला खडू दिसत नव्हता म्हणून कापडावर सुतळी ताणून दिली. सुतळीच्या कडेनं टाका घालायचा, इकडं-तिकडं वळायचं नाही, दोरा घट्ट ओढायचा. ती रोज यायची. एक ओळ झाली की कापड पुढं करायची. "आता बरं हाय का?" मी म्हणायचे, "बरं आहे, आत्या." पहिल्या दिवसापासून तिचा टाका माझ्याहून नेमका होता. मी तो घट्ट करायला लावत होते.

आठव्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले होते. शिवता-शिवता तिचं बोट एका जागी थांबलं. जरा डावीकडं वळलं. मग ती "च्" म्हणाली आणि बोट परत सुतळीवर आणलं.

"थांबलात का?" मी विचारलं.

"काय न्हाई. हितं विरलंय. सवयीनं बोट वळाय लागलं."

"वळून काय होतं?"

"आता ते कशाला इचारताय? माझं चुकीचं हाय म्हनून तर शिकाय आले." ती ओशाळून हसली. "आमची आपली जुनी रीत. विरल्या जागंवरनं दोरा ताणून न्हेला की कापड तिथंच तुटतं. म्हून तिला वळसा घालायचा, बाजूच्या जित्या कापडात टाका धरायचा, अन् टाका ढिला सोडायचा. हाताला कळतं कुठं आंग गेलंय ते. आजवर आसंच केलं बाई. पण फाटलं ते फाटलंच की. म्हंजी माझंच काय तरी चुकत आसंल."

"विरलेलं समदं माझ्याकडं सरकवा" असं ती पहिल्या दिवशी का म्हणाली होती, ते मला तेव्हा कळलं. सगळ्या गोधडीतलं सगळ्यात नाजूक कापड तिनं आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि ते सांभाळणारा एकेक टाका मी ब्लेडनं काढून टाकला होता. आज मी माझ्या प्रत्येक बॅचला पहिल्याच आठवड्यात डोळे मिटून कापड चाचपायला लावते आणि हा वळसा शिकवते. पोरी त्याला "बाईंचा वळसा" म्हणतात. मी त्यांना अजून दुरुस्त केलेलं नाही.

मार्च उजाडला. वर्ग बंद व्हायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी दुपारी आत्या सुतळी परत द्यायला आली, आणि मला काय झालं कोण जाणे, मी खोलीचं दार लावलं, ट्रंक उघडली आणि गोधडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. तोंडानं बोलायचा धीर नव्हता. म्हटलं, हिच्या बोटांना कळेल.

कळायला वेळ लागला नाही. तिनं फाटल्या कडेवरून बोट फिरवलं. पुढं गेली, मागं आली. दोन टाक्यांच्या मध्ये नख घालून बघितलं.

"ह्यो कुणाचा टाका?"

मी ट्रंकेचं झाकण लावलं.

"बाई, ह्यो माझा टाका न्हाई. कुणाचा हाय?"

"माझा," मी म्हटलं. "मी तुमचा उसवला. बाजाराच्या दिवशी. वाकडा दिसत होता म्हणून."

मी डोळे मिटून घेतले. ती शिव्या देईल, आरडाओरडा करून गाव गोळा करेल, काहीही करेल, असं वाटत होतं. काहीच ऐकू येईना म्हणून डोळे उघडले, तर म्हातारी हसत होती. रडतही होती आणि हसतही होती. उजव्या हाताची बोटं डाव्या हातात धरून ती त्यांच्याशीच बोलत होती. "न्हाई चुकलं गं. तुमचं न्हाई चुकलं. उगाच बोल लावला तुमास्नी."

मला खाली वाकून तिचे पाय धरायचे होते. मी नुसती उभी राहिले.

जरा वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. "ह्ये कुणाला ठावं हाय का?"

"नाही."

"मग उद्या सांगशील, पोरी? समद्या बाया येत्याल. मी सांगितलं तर म्हनत्याल, म्हातारी दुसऱ्यावर ढकलती. तू सांगितलंस तर खरं मानत्याल. मला तुझं काय वाईट करायचं न्हाई. माझी लुगडी तेवढी माघारी येऊ देत."

"सांगते, आत्या."

"नक्की?"

"नक्की सांगते."

ती गेली ती भिंतीला हात न लावता गेली. मी दारातून बघत होते.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात सतरंजी अंथरली होती. खुर्चीवर नाईक मॅडम. बायका झाडून सगळ्या आल्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून. आत्या पुढच्या रांगेत बसली होती. तिनंही धुतलेलं लुगडं नेसलं होतं, केस चापून बसवले होते, आणि तोंड मी उभी राहणार त्या दिशेला करून ठेवलं होतं.

आधी मॅडम बोलल्या. गोधडीचं जे झालं ते झालं, पण बारटक्के बाईंनी वर्ग उत्तम चालवला, म्हणाल्या. तालुक्याच्या केंद्रात कायम जागा निघाली आहे, तिथं मी त्यांचंच नाव कळवलंय, म्हणाल्या. टाळ्या झाल्या. धुरपदानं तर शिट्टी मारायचंच बाकी ठेवलं.

मग मला उठवलं. मी सरपंचांचे आभार मानले. मॅडमचे मानले. एकेकीचं नाव घेतलं, धुरपदाच्या उलट्या चाकाची गोष्ट सांगितली, सगळ्या हसल्या. बोलणं संपत आलं. मी म्हटलं, "आणि ठकूआत्या..."

आत्यानं मान वर केली. सगळ्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या. मग माझ्याकडं बघायला लागल्या. मॅडमही बघत होत्या, हातात माझ्या नावाचा कागद होता.

"...ठकूआत्यांनी या वयात, आपली चूक कबूल करून, नव्यानं शिकायची जिद्द दाखवली," मी म्हटलं. "त्यांचा आदर्श सगळ्यांनी घ्यावा."

आणि मी खाली बसले.

"वा, आजी!" मॅडम म्हणाल्या. "उठा, दोन शब्द तुम्हीही बोला."

शेजारच्या पोरीनं आत्याला हाताला धरून उभं केलं. आता बोलेल. आता सगळं सांगेल. मनात मी तिला म्हणत होते, सांग बाई, तूच सांग, सुटेन मी. आत्यानं पदर सावरला. तोंड अजून माझ्याच दिशेला होतं.

"म्या काय बोलू?" ती म्हणाली. "बाईंनी सांगायचं ते सांगितलं."

आणि चाचपत खाली बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.